शॉवरच्या पाण्यातील क्लोरीन निर्मूलन

शॉवरच्या पाण्यातील क्लोरीन निर्मूलन म्हणजे सार्वजनिक पाणीपुरवठ्यात निर्जंतुकीकरणासाठी मिसळलेला आणि घरातील नळापर्यंत शिल्लक राहिलेला क्लोरीन आंघोळीच्या पाण्यातून, शक्यतो शॉवरच्या तोंडाशीच, काढून टाकणे होय. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या उपकरणास शॉवर फिल्टर म्हणतात. फिल्टर हा शब्द रूढ असला, तरी या उपकरणात क्लोरीन गाळला जात नाही. रासायनिक अभिक्रियेने त्याचे निरुपद्रवी क्लोराइडमध्ये रूपांतर होते. प्रस्तुत लेखात हा विषय मुख्यतः ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदर शहराच्या संदर्भात मांडला आहे. लांबून येणारे नदीचे पाणी, ठरावीक वेळेचा पुरवठा, प्रत्येक इमारतीच्या स्वतंत्र टाक्या आणि पूरक म्हणून टँकर किंवा कूपनलिकेचे पाणी ही मुंबई महानगर प्रदेशातील बहुतेक उपनगरांची स्थिती या शहरातही आढळते, आणि क्लोरीन कोठे काढावा व कोठे काढू नये हा प्रश्न या स्थितीशी थेट जोडलेला आहे.

मीरा-भाईंदरचा पाणीपुरवठा

मीरा-भाईंदर हे शहर मुंबईच्या उत्तर सीमेला लागून, वसई खाडीच्या दक्षिणेस वसले आहे. येथे १९८५ साली नगरपरिषद व २००२ साली महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ८,०९,३७८ होती. शहराच्या हद्दीत पिण्याच्या पाण्याचा मोठा स्रोत नाही. पश्चिमेस समुद्र, उत्तरेस खाडी आणि मधल्या सखल भागात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली मिठागरे अशी भूरचना असल्याने भूजलही अनेक ठिकाणी खारट आहे.

शहराला पाणी मुख्यतः दोन यंत्रणांकडून मिळते. पहिली म्हणजे शहाड-टेमघर योजनेतून उभी राहिलेली स्टेम ही कंपनी. ती ठाणे, भिवंडी व मीरा-भाईंदर या महानगरपालिका आणि ठाणे जिल्हा परिषद यांची संयुक्त संस्था आहे. उल्हास नदीतून शहाड येथे उचललेले पाणी टेमघर येथे शुद्ध केले जाते. दुसरी यंत्रणा महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची असून ती बारवी धरणातून नदीत सोडलेल्या पाण्यावर चालते. या महामंडळाचे जलशुद्धीकरण केंद्र जांभूळ येथे आहे. यांखेरीज पालघर जिल्ह्यातील सूर्या प्रकल्पातून पाणी आणण्याची प्रादेशिक योजना मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने हाती घेतली. तिच्या एकूण दररोज ४०३ दशलक्ष लिटर क्षमतेपैकी २१८ दशलक्ष लिटर मीरा-भाईंदरसाठी व १८५ दशलक्ष लिटर वसई-विरारसाठी राखण्यात आले.

शुद्धीकरण केंद्रात नदीच्या पाण्यात तुरटी किंवा तत्सम रसायन मिसळून गाळ बसवला जातो, वाळूच्या थरांतून पाणी गाळले जाते आणि अखेरीस त्यात क्लोरीन सोडला जातो. पावसाळ्यात पाणी गढूळ असते, तर उन्हाळ्यात प्रवाह मंदावून सांडपाण्याचे प्रमाण वाढते. उल्हास नदीच्या खालच्या पट्ट्यात जलपर्णीचे थर साचतात, हे त्याचेच दृश्य लक्षण होय. दोन्ही ऋतूंत पाण्यातील सेंद्रिय द्रव्य क्लोरीन खाऊन टाकते, म्हणून मात्रा वाढवावी लागते. वर्षातील काही दिवस नळाच्या पाण्याला एकाएकी तीव्र वास येतो, त्यामागे बहुधा हे कारण असते.

केंद्रातून निघालेले पाणी कित्येक किलोमीटरच्या वाहिन्यांतून शहराच्या जलकुंभांत, तेथून ठरावीक वेळी इमारतीच्या जमिनीखालील टाकीत, पंपाने गच्चीवरील टाकीत आणि मग घरात येते. या प्रवासात ते एक-दोन दिवसही राहू शकते. क्लोरीन वाटेत सतत कमी होत असतो. गच्चीवरील टाकीचे झाकण उघडे असेल, तर सूर्यप्रकाशाने तो आणखी वेगाने नष्ट होतो. परिणामी एकाच रस्त्यावरील दोन इमारतींत, किंवा एकाच इमारतीत थेट वाहिनीवरील नळ आणि टाकीवरील नळ यांत, क्लोरीनचे प्रमाण अगदी भिन्न असू शकते. शॉवरला जोडलेला नळ जवळजवळ नेहमी टाकीवरचा असतो. त्यामुळे अनेक घरांत शॉवर फिल्टर लावण्यापूर्वीच तेथील क्लोरीन बराचसा संपलेला असतो.

क्लोरीन पाण्यात का असतो

इंग्लंडमधील मेडस्टन येथे १८९७ साली विषमज्वराच्या साथीत वाहिन्या निर्जंतुक करण्यासाठी विरंजक चूर्ण वापरण्यात आले. लिंकन येथे १९०५ पासून आणि अमेरिकेतील जर्सी सिटी येथे १९०८ पासून पाण्याचे नियमित क्लोरिनीकरण सुरू झाले. पुढे ही पद्धत जगभर पसरली. महाराष्ट्रात मोठ्या शहरांच्या केंद्रांत क्लोरीन वायू वापरतात, तर ग्रामपंचायतींच्या विहिरी व टाक्यांत टीसीएल पावडर या नावाने परिचित असलेले विरंजक चूर्ण टाकले जाते.

क्लोरीन पाण्यात विरघळला की हायपोक्लोरस आम्ल तयार होते. त्याचा काही अंश हायपोक्लोराइट आयनाच्या रूपात जातो. पाण्याचा सामू सुमारे ७.५ असताना ही दोन्ही रूपे साधारण समप्रमाणात असतात. सामू जसजसा वाढतो, तसतसे आम्लाचे प्रमाण घटते. जंतू मारण्याची शक्ती आम्लरूपात कित्येक पटींनी अधिक असते. या दोहोंना मिळून मुक्त क्लोरीन म्हणतात. पाण्यात अमोनिया असेल, तर क्लोरीन त्याच्याशी संयोग पावून क्लोरामाइने बनवतो. हा संयुक्त क्लोरीन होय. तो अधिक काळ टिकतो, पण जंतुनाशक म्हणून दुबळा असतो. जलतरण तलावाजवळ येणारा उग्र, डोळ्यांना झोंबणारा वास मुख्यतः काही क्लोरामाइनांचा असतो, मुक्त क्लोरीनचा नव्हे. म्हणून वास तीव्र म्हणजे क्लोरीन जास्त, हा सर्वसाधारण समज दर वेळी खरा ठरत नाही. सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात मात्रा अपुरी पडल्यानेही वास वाढू शकतो.

भारतीय मानक आयएस १०५०० : २०१२ नुसार क्लोरिनीकरण केलेल्या पाण्यात ग्राहकाच्या नळाशी किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर अवशिष्ट मुक्त क्लोरीन असावा. पर्यायी स्रोत नसल्यास १ मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंतचे प्रमाण चालते. विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तेव्हा किमान ०.५ मिलिग्रॅम प्रति लिटर सांगितला आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे पिण्याच्या पाण्यासाठीचे मार्गदर्शक मूल्य ५ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. मात्र चव किंवा वास काही व्यक्तींना ०.३ मिलिग्रॅम प्रति लिटर इतक्या अल्प प्रमाणातही जाणवतो. वास येणे आणि अपाय होण्याजोगे प्रमाण असणे यांत त्यामुळे मोठे अंतर आहे.

विषाणूंसाठी वेगळी अट का, याचे भारतीय उदाहरण प्रसिद्ध आहे. दिल्लीत १९५५ च्या डिसेंबरमध्ये यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरून काविळीची प्रचंड साथ आली. सुमारे २९,३०० लोकांना उघड कावीळ झाल्याची नोंद आहे. दूषितीकरण लक्षात येताच क्लोरीनची मात्रा वाढवण्यात आली होती. त्यामुळे विषमज्वर व हगवण यांची मोठी साथ टळली, पण काविळीचा विषाणू त्या मात्रेला पुरून उरला. ही साथ हिपॅटायटिस ई या प्रकारची होती, हे कित्येक वर्षांनंतर जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांच्या तपासणीतून कळले.

ठरावीक वेळेच्या पुरवठ्यात अवशिष्ट क्लोरीनचे महत्त्व आणखी वाढते. पाणी बंद असताना वाहिनीतील दाब नाहीसा होतो आणि सांध्यांतील फटींतून आजूबाजूच्या मातीतील किंवा गटारातील पाणी आत ओढले जाऊ शकते. अशा वेळी पाण्यासोबत आलेला अवशिष्ट क्लोरीन हाच वाटेतील एकमेव पहारेकरी असतो.

त्वचा, केस आणि श्वास यांवरील परिणाम

शॉवर फिल्टरच्या खरेदीमागे बहुधा केसगळती, कोरडी त्वचा किंवा खाज ही कारणे असतात. या तक्रारींचा क्लोरीनशी असलेला संबंध काही बाबतींत आधारयुक्त, तर काही बाबतींत जाहिरातींनी फुगवलेला आहे.

क्लोरीन हे ऑक्सिडीकारक असल्याने त्वचेवरील स्निग्ध थर व प्रथिने यांच्याशी त्याची अभिक्रिया होते. जपानमध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ॲटोपिक त्वचादाह असलेल्या व्यक्तींच्या त्वचेची ओलावा धरून ठेवण्याची क्षमता क्लोरीनयुक्त पाण्याने कमी झाल्याचे दिसले. निरोगी त्वचेवर तसाच परिणाम घडवण्यासाठी अधिक तीव्र पाणी लागले. म्हणजे आधीच इसब असलेल्या व्यक्तीला क्लोरीन कमी केल्याने आराम वाटणे शक्य आहे. टक्कल किंवा केसगळती नळातील क्लोरीनमुळे होते, या दाव्याला मात्र तसा आधार नाही. केसांचा रंग व चकाकी यांवर होणाऱ्या परिणामांची उदाहरणे बहुतेक जलतरणपटूंची आहेत. तलावातील क्लोरीन नळाच्या पाण्याच्या कित्येक पट असतो आणि त्यात केस तासन्‌तास भिजतात.

पाण्याच्या दुष्फेनतेचा, म्हणजे बोलीभाषेतील जडपणाचा, प्रश्न याहून वेगळा आहे. लंडनमधील एका संशोधनात तीन महिन्यांच्या १,३०३ बालकांची पाहणी करण्यात आली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार दुष्फेन पाण्याच्या भागांत राहणाऱ्या बालकांत इसबाचे प्रमाण अधिक आढळले. परंतु इसब झालेल्या ३३६ मुलांच्या घरी पाणी मृदू करणारी यंत्रे बसवून केलेल्या ब्रिटिश चाचणीत, जिचे निष्कर्ष २०११ साली आले, अतिरिक्त लाभ दिसला नाही. केसांबाबत कोइम्बतूर येथील संशोधकांनी २०१३ साली दुष्फेन पाणी व ऊर्ध्वपातित पाणी यांत भिजवलेल्या केसांची तुलना केली असता त्यांच्या ताणबलात लक्षणीय फरक आढळला नव्हता. या विषयावरील निष्कर्ष एकमेकांशी पूर्णपणे जुळत नाहीत, एवढेच यावरून म्हणता येते.

श्वासाशी संबंधित मुद्दा तुलनेने कमी चर्चिला जातो, पण रसायनशास्त्राच्या दृष्टीने तोच अधिक गंभीर आहे. क्लोरीन आणि पाण्यातील कुजलेल्या पालापाचोळ्यापासून आलेले सेंद्रिय द्रव्य यांच्या संयोगाने क्लोरोफॉर्मसारखी ट्रायहॅलोमिथेन वर्गातील संयुगे तयार होतात. नेदरलँड्समधील योहानेस रूक यांनी १९७४ साली ही बाब प्रथम दाखवून दिली. ही संयुगे बाष्पनशील असल्याने गरम पाण्याच्या फवाऱ्यातून हवेत येतात. अमेरिकेत १९९० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत शॉवरनंतर लोकांच्या उच्छ्वासात क्लोरोफॉर्म मोजता आला, आणि त्यातील वाटा श्वास व त्वचा या दोन्ही मार्गांनी जवळजवळ सारखाच आल्याचे दिसले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने क्लोरोफॉर्मला मानवात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेल्या २ब गटात ठेवले आहे. क्लोरिनीकरण केलेल्या पिण्याच्या पाण्याला मात्र १९९१ साली तिसऱ्या गटात, म्हणजे वर्गीकरण करता न येणाऱ्या गटात, ठेवले. आयएस १०५०० मध्ये क्लोरोफॉर्मची मर्यादा ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे.

ही संयुगे शॉवरपर्यंत पोहोचण्यापूर्वीच, केंद्रात व वाहिन्यांत, तयार झालेली असतात. शॉवरच्या तोंडाशी क्लोरीन काढल्याने ती नाहीशी होत नाहीत. क्रियाशील कोळसा काही प्रमाणात ती शोषून घेतो, पण गरम पाणी आणि वेगवान प्रवाह यांमुळे ते शोषण क्षीण होते. खिडकी उघडी ठेवणे, एक्झॉस्ट पंखा चालवणे आणि पाणी फार कढत न घेणे हे उपाय येथे कोणत्याही फिल्टरहून स्वस्त व अधिक परिणामकारक आहेत. बंद शाफ्टकडे उघडणाऱ्या लहान न्हाणीघरांत पंख्याचे महत्त्व विशेष असते.

निर्मूलनाच्या पद्धती

शॉवर फिल्टरची मूळ अडचण वेळेची आहे. शॉवरमधून मिनिटाला ८ लिटर पाणी येते असे धरले, तर सेकंदाला सुमारे १३३ मिलिलिटर पाणी फिल्टरमधून जाते. फिल्टरच्या नळकांड्यात माध्यम असते जेमतेम दीडशे मिलिलिटर. म्हणजे पाण्याला माध्यमाचा सहवास एका सेकंदाच्या आसपासच लाभतो. स्वयंपाकघरातील फिल्टरमध्ये हाच काळ कित्येक पट असतो. म्हणून तेथे यशस्वी ठरणारी माध्यमे न्हाणीघरात कमी पडू शकतात.

क्रियाशील कोळसा हे सर्वांत जुने व परिचित माध्यम आहे. भारतात तो प्रामुख्याने नारळाच्या करवंटीपासून तयार होतो. त्याच्या पृष्ठभागावर मुक्त क्लोरीनचे क्षपण होऊन क्लोराइड उरते. थंड पाणी व संथ प्रवाह असेल तर तो उत्तम काम करतो. मात्र क्लोरीन संपल्यावर त्याच्याच सच्छिद्र पृष्ठभागावर जीवाणूंची वाढ होऊ शकते.

केडीएफ या नावाने ओळखले जाणारे माध्यम तांबे व जस्त यांच्या मिश्रधातूचे बारीक कण असतात. डॉन हेस्केट या अमेरिकी संशोधकाने १९८० च्या दशकात ते विकसित केले. क्लोरीनयुक्त पाणी लागताच धातूंकडून इलेक्ट्रॉन मिळून क्लोरीनचे क्लोराइड होते आणि जस्त अल्प प्रमाणात विरघळते. गरम पाण्यातही ते चालते. परंतु गाळ साचला की कण एकमेकांना चिकटून गोळा होतो आणि पाणी त्याच्या कडेने निसटते. केडीएफ हे माध्यम उलट्या प्रवाहाने अधूनमधून धुतले जावे अशी अपेक्षा असते. बंद नळकांड्याच्या शॉवर फिल्टरमध्ये ती सोय सहसा नसते.

कॅल्शियम सल्फाइट हे पांढऱ्या गोळ्यांच्या रूपात मिळणारे माध्यम क्लोरीनशी जलद अभिक्रिया करते व त्यातून कॅल्शियम सल्फेट बनते. गरम व थंड दोन्ही पाण्यांत त्याचा वेग टिकून राहतो. म्हणूनच शॉवर फिल्टरमध्ये ते मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. ते हळूहळू झिजून संपते.

ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजेच क जीवनसत्त्व, क्लोरीन व क्लोरामाइने या दोहोंना जवळजवळ तत्काळ निष्प्रभ करते. अमेरिकेच्या वनसेवेने २००५ साली जलवाहिन्या धुतल्यानंतरच्या क्लोरीनयुक्त पाण्यावर ही पद्धत वापरण्याविषयी मार्गदर्शिका काढली होती. १ भाग क्लोरीनसाठी सुमारे २.५ भाग ॲस्कॉर्बिक आम्ल लागते. शॉवरमधील क जीवनसत्त्वाच्या नळकांड्याचा दोष असा की चूर्ण सुरुवातीला भरभर विरघळते आणि नंतर मात्रा घटत जाते.

बादलीने आंघोळ करणाऱ्यांसाठी मात्र हीच पद्धत सर्वांत सोपी ठरते. २० लिटरच्या बादलीत ०.५ मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोरीन असल्यास एकूण क्लोरीन १० मिलिग्रॅम होतो आणि त्यासाठी २५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरते. औषधाच्या दुकानातील ५०० मिलिग्रॅमची एक गोळी या हिशेबाने २० बादल्यांना पुरावी. महाराष्ट्रातील असंख्य घरांत आजही शॉवर असूनही रोजची आंघोळ बादलीनेच होते. परदेशी शॉवरच्या हिशेबाने लिहिलेली माहितीपत्रके ही गोष्ट लक्षात घेत नाहीत. शिवाय बादलीत पाणी काही तास उघडे ठेवले, तरी मुक्त क्लोरीन बराच कमी होतो. क्लोरामाइनांच्या बाबतीत हा उपाय चालत नाही.

शॉवर फिल्टरसाठी एनएसएफ/एएनएसआय १७७ हे अमेरिकी मानक प्रचलित आहे. ते केवळ मुक्त क्लोरीनपुरते मर्यादित असून किमान ५० टक्के घट मागते. आरोग्यविषयक लाभ, क्लोरामाइने, दुष्फेनता किंवा ट्रायहॅलोमिथेन यांविषयी ते काहीच सांगत नाही. पंधरा किंवा वीस थरांचे म्हणून विकल्या जाणाऱ्या फिल्टरमध्ये दीडशे मिलिलिटर जागा इतक्या थरांत विभागली जात असल्याने प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटभर माध्यम येते, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे.

दुष्फेनता आणि खारट पाणी

मीरा-भाईंदरसारख्या शहरात क्लोरीनच्या नावावर मांडल्या जाणाऱ्या बऱ्याच तक्रारींचे मूळ दुसरीकडे असते. सह्याद्रीतील पावसावर पोसलेल्या नद्यांचे पाणी सामान्यतः मृदू असते. कूपनलिकेचे व तिच्यावर भरलेल्या टँकरचे पाणी मात्र, विशेषतः खाडीकाठी, दुष्फेन आणि खारट असू शकते. टंचाईच्या काळात इमारतीच्या टाकीत दोन्ही पाणी एकत्र होते. साबणाला फेस न येणे, केस राठ होणे, नळाच्या तोंडावर व बादलीच्या कडांवर पांढरा थर बसणे आणि गीझरचे कॉइल क्षाराने माखणे ही दुष्फेनतेची लक्षणे आहेत. क्लोरीनमुळे यांपैकी काहीही होत नाही. टँकरच्या पाण्यात क्लोरीन नसण्याचीच शक्यता अधिक असते, आणि आरोग्याच्या दृष्टीने ती खरी चिंतेची बाब आहे.

कोळसा, केडीएफ व कॅल्शियम सल्फाइट यांपैकी कोणतेही माध्यम पाणी मृदू करत नाही. त्यासाठी आयन विनिमय रेझिन लागते, आणि त्याचे गणित लहान उपकरणाला परवडणारे नाही. मृदूकरणाच्या रेझिनची व्यवहारातील क्षमता लिटरमागे सुमारे ५० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट इतकी धरली, तर १०० मिलिलिटर रेझिन ५ ग्रॅम दुष्फेनता काढू शकते. पाण्याची दुष्फेनता ४०० मिलिग्रॅम प्रति लिटर असेल, तर ही क्षमता साडेबारा लिटर पाण्यातच संपते. म्हणजे एक बादलीही भरत नाही. त्यानंतर रेझिन मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा सक्रिय करावे लागते. काही नळ-फिल्टरांत पॉलिफॉस्फेटचे खडे असतात. ते क्षाराचा थर बसणे कमी करतात, पण क्षार पाण्यातच राहतात. आयएस १०५०० मध्ये एकूण दुष्फेनतेची स्वीकार्य मर्यादा २०० व पर्यायी स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे.

तपासणी

अवशिष्ट क्लोरीन मोजण्यासाठी महाराष्ट्रात ओटी चाचणी सर्वपरिचित आहे. पाण्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकले असता क्लोरीनच्या प्रमाणात पिवळा रंग येतो आणि तो क्लोरोस्कोपवरील रंगपट्ट्यांशी ताडून पाहिला जातो. ग्रामपंचायतींचे जलसुरक्षक व आरोग्यसेवक ही चाचणी वर्षानुवर्षे करत आले आहेत. ऑर्थोटोलिडिन आरोग्यास घातक असल्याने, तसेच मुक्त व संयुक्त क्लोरीन वेगळा दाखवण्यात ते कमी पडत असल्याने, आता डीपीडी ही गुलाबी रंग देणारी चाचणी अधिक मान्यता पावली आहे. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ पॅलिन यांनी १९५७ साली ती रूढ केली. चाचणी केलेले पाणी पिऊ नये.

टीडीएस मीटरने क्लोरीन कळत नाही, कारण ते विरघळलेल्या क्षारांचा एकत्रित अंदाज देते. विक्रीच्या प्रात्यक्षिकांत दाखवले जाणारे काही प्रयोगही असेच दिशाभूल करतात. पाण्यात लोखंडी कांड्या बुडवून वीज सोडली की ते तपकिरी होते, पण तो गंज कांड्यांचाच असतो. क्लोरीनयुक्त पाण्यात बोटे बुडवल्यावर ओटीचा पिवळा रंग येत नाही, आणि त्वचेने क्लोरीन शोषला असे सांगितले जाते. प्रत्यक्षात त्वचेवरील घाम व तेल यांच्याशी अभिक्रिया होऊन क्लोरीन तेथेच खर्ची पडलेला असतो.

निर्मूलनाची जागा

क्लोरीन काढण्याची जागा पाण्याच्या प्रवासात जितकी शेवटची, तितकी ती सुरक्षित. शॉवरच्या तोंडाशी लावलेल्या फिल्टरनंतर पाणी कोठेही साठत नाही, म्हणून तेथे क्लोरीन नाहीसा झाल्याने विशेष धोका उद्भवत नाही. याउलट काही इमारतींत पंपाजवळ किंवा गच्चीवरील टाकीच्या आधी मोठे कोळशाचे फिल्टर बसवण्याचा प्रस्ताव येतो. अशा योजनेत टाकी, उभ्या वाहिन्या आणि घरोघरचे नळ या सर्वांतून संरक्षणाविना पाणी वाहते. टाकीच्या तळाशी गाळ असेल, झाकण फुटलेले असेल किंवा जमिनीखालील टाकीत शेजारच्या मलवाहिनीची ओल झिरपत असेल, तर क्लोरीनविरहित पाण्यात जंतू निर्वेधपणे वाढतात. तेच पाणी स्वयंपाकघरात जाते आणि दात घासताना, चूळ भरताना किंवा लहान मुलांना न्हाऊ घालताना तोंडातही जाते. संपूर्ण इमारतीसाठी क्लोरीन काढायचाच असेल, तर पुढे निर्जंतुकीकरणाची दुसरी सोय आणि टाक्यांची नियमित सफाई अनिवार्य ठरते.

न्हाणीघरातही जागेचा विचार करावा लागतो. साठवणीच्या गीझरच्या आधी क्लोरीन काढल्यास कोमट राहणाऱ्या टाकीत लिजिओनेलासारख्या जीवाणूंना पोषक वातावरण मिळू शकते. म्हणून फिल्टर गरम व थंड पाणी एकत्र करणाऱ्या मिक्सरच्या पुढे, शॉवरच्या दांड्यावर बसवतात.

दाब हा उंच इमारतींतील वरच्या मजल्यांचा जुना प्रश्न आहे. गच्चीवरील टाकीची पातळी शॉवरपेक्षा ३ मीटर उंच असेल, तर मिळणारा दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.३ किलोग्रॅम इतकाच असतो. त्यात फिल्टरचा अडथळा आला की धार बारीक होते आणि दाबावर चालू होणारा इन्स्टंट गीझर सुरूच होत नाही. खालच्या मजल्यांवर ही अडचण येत नाही, पण तेथे प्रवाह जोरदार असल्याने पाण्याला माध्यमाचा सहवास आणखी कमी मिळतो.

देखभाल

फिल्टरचे आयुष्य महिन्यांत सांगितले जात असले, तरी ते वाहून गेलेले पाणी, त्यातील क्लोरीन आणि गाळ यांवर अवलंबून असते. पुरवठा सुरू होताना येणारे गढूळ पाणी व टाकीतील गंज यांमुळे नळकांडे क्लोरीनची क्षमता संपण्याच्या कितीतरी आधी तुंबते. क्षमता संपल्याची बाहेरून कोणतीही खूण दिसत नाही. फिल्टरच्या आधीच्या व नंतरच्या पाण्याची डीपीडी चाचणी हाच खात्रीचा मार्ग होय. घर काही आठवडे बंद राहिल्यास आतील ओलसर माध्यमात जीवाणूंचा थर वाढलेला असू शकतो. अशा वेळी नळकांडे बदलतात, किंवा निदान सुरुवातीचे पाणी काही मिनिटे वाहू देतात. शॉवरच्या चाळणीवर बसलेला क्षार व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाने निघतो.

पाण्याची जीवाणूविषयक तपासणी करायची असल्यास नमुना फिल्टर काढून थेट नळातून घेतात. प्रयोगशाळेच्या निर्जंतुक बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेट घातलेले असते. ते नमुन्यातील क्लोरीन तत्क्षणी निष्प्रभ करते, म्हणजे वाटेत जंतू मरून अहवाल खोटा चांगला येत नाही. क्लोरीनचे मोजमाप मात्र या बाटलीतील पाण्यावर करता येत नाही. ते नळाशी, त्याच वेळी करावे लागते.